कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण: आखणी कशी करावी आणि शिकवावे कसे?

लाइनवरचा_अभियंता

सप्रेम नमस्कार.

चाकण परिसरातील एका कारखान्यात मी उत्पादन विभागात काम करतो. आमच्याकडे वाहनांचे वायर हार्नेस, म्हणजे गाडीतील विजेच्या तारांचे एकत्र बांधलेले जाळे, तयार होते. नव्या ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. काम मला चांगले येते, परंतु आपल्याला येणारे काम दुसऱ्याच्या हातात उतरवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती मला नीट शिकायची आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

सध्याची पद्धत अशी. रुजू झालेल्या मुलामुलींना आधी वर्गात बसवून कंपनीची ओळख, सुरक्षा, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत), गुणवत्ता धोरण आणि क्रिम्पिंग (तारेच्या टोकावर धातूची जोडणी दाबून घट्ट बसवणे) यांच्या स्लाइड दाखवल्या जातात. शेवटी एक लेखी परीक्षा होते व तीत जवळजवळ सगळे उत्तीर्ण होतात. मग प्रत्येकाला लाइनवर एखाद्या जुन्या ऑपरेटरशेजारी उभे केले जाते आणि तो ऑपरेटर स्वतःचा आकडा सांभाळत जमेल तेव्हा, जमेल तसे शिकवतो. वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालात प्रशिक्षणाचे मॅनडेज (माणशी दिवस) भरलेले असतात, स्किल मॅट्रिक्सवर, म्हणजे कोणाला कोणते काम येते त्या तक्त्यावर, नावापुढचे वर्तुळही रंगवलेले असते, आणि तरीही रिजेक्शनमधला, म्हणजे नाकारलेल्या मालातला, मोठा वाटा याच नव्या हातांचा असतो. यात त्या मुलांचा दोष आहे असे मला अजिबात वाटत नाही. त्यांतील अनेक जण आयटीआय करून मराठवाड्यातून, विदर्भातून, काही जण उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत आणि शिकण्याची त्यांची तयारी मनापासून असते.

माझे प्रश्न असे आहेत की, एखाद्या कामाचे प्रशिक्षण आखताना सुरुवात कोठून करावी. लाइनवर शिकवण्याची काही सिद्ध पद्धत आहे का. आणि शिकवलेले उतरले की नाही हे खात्रीने कसे कळावे? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_फोरमन

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर निघते.

दुसरे महायुद्ध पेटले असताना अमेरिकेने १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची एक सरकारी सेवा सुरू केली. अनुभवी कामगार सैन्यात जात होते, कधीही कारखाना न पाहिलेली माणसे, त्यांत हजारो स्त्रिया, यंत्रांपुढे उभी राहत होती आणि त्यांना लवकर, बिनचूक व अपघात न होता काम शिकवणे भाग होते. या सेवेच्या 'जॉब इन्स्ट्रक्शन' या पाठ्यक्रमाचे मूळ चार्ल्स ॲलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरलेल्या चार पायऱ्यांत आहे. दोन-दोन तासांची पाच सत्रे आणि गटात साधारण दहा सुपरवायझर, एवढाच त्याचा व्याप होता. १९४५ साली सेवा बंद झाली, परंतु युद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली आणि टोयोटासारख्या कंपनीच्या प्रशिक्षणाचा ती पाया ठरली. आज आपल्याकडच्या वाहन उद्योगात जागोजागी जी 'डोजो' केंद्रे, म्हणजे कारखान्यातील सरावाची केंद्रे, दिसतात, त्यांतील चांगल्या केंद्रांत हीच पद्धत वेगळ्या नावाने चालते.

पहिल्या सत्रातील प्रात्यक्षिक सांगण्याजोगे आहे. लोंबत्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायरच्या दोन तारांची एक विशिष्ट गाठ मारली जात असे, जेणेकरून वायरला हिसका बसला तरी ताण गाठीवर यावा, स्क्रूखाली दाबलेल्या टोकांवर येऊ नये. प्रशिक्षक गटातील एकाला पुढे बोलावून ती गाठ कशी मारायची हे केवळ तोंडी सांगत असे. गाठ जमत नसे. मग तो काही न बोलता नुसती मारून दाखवत असे. तरीही जमत नसे, कारण समोर उभ्या असलेल्याला डावे-उजवे उलटे दिसते आणि त्या हालचालींत नेमके काय पाहायचे हे त्याला ठाऊक नसते. त्यानंतर चार पायऱ्यांनी शिकवले की गाठ बसत असे. सांगितले म्हणजे शिकवले, दाखवले म्हणजे शिकवले, हे आपले दोन्ही समज तेथे सर्वांच्या डोळ्यांदेखत गळून पडत.

त्या पायऱ्या अशा. आधी माणसाची तयारी: त्याचे दडपण घालवायचे, त्याला काय येते ते विचारायचे, हा भाग गाडीत कोठे बसतो ते सांगायचे आणि त्याला आपल्या समोर नव्हे तर शेजारी, आपले हात सरळ दिसतील असे उभे करायचे. मग काम मांडायचे: एकदा फक्त टप्पे सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातील मर्म सांगत, तिसऱ्यांदा त्या मर्माचे कारण सांगत. मग त्याच्याकडून करून घ्यायचे. आधी मुकाट्याने करू द्यावे आणि चूक तेथल्या तेथे थांबवावी, म्हणजे ती हाताला चिकटत नाही; नंतर टप्पे, मर्म व कारणे त्याच्याच तोंडून वदवून घेत पुन्हा करून घ्यावे; आणि त्याला आले आहे अशी *आपली* खात्री होईपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटी त्याला स्वतंत्र काम द्यायचे, अडल्यास कोणाकडे जायचे ते माणूस दाखवून सांगायचे, आरंभी वारंवार आणि पुढे कमी कमी वेळा तपासायचे. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही, हे वाक्य या पाठ्यक्रमातील प्रत्येकाला दिलेल्या खिशातल्या कार्डावर छापलेले असे आणि मी ते अक्षरशः खरे मानतो.

आता आखणी कोठून सुरू करावी? कामाची फोड करण्यापासून. आपलेच उदाहरण घेतो. टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची जोडणी, क्रिम्प करण्याचे टप्पे थोडेच आहेत: तार सोलणे, टर्मिनलमध्ये ठेवणे, दाबणे, पाहणे. सारा जीव मर्मात आहे. सोलताना तांब्याचा एकही स्ट्रँड (तारेतला बारीक धागा) तुटता कामा नये, कारण तुटलेल्या स्ट्रँडइतका प्रवाहाचा मार्ग अरुंद होतो. तार ठेवताना टर्मिनलच्या पुढच्या (तांबे धरणाऱ्या) आणि मागच्या (इन्सुलेशन धरणाऱ्या) पकडीमधल्या खिडकीत इन्सुलेशनची कड आणि उघडे तांबे ही दोन्ही दिसली पाहिजेत. इन्सुलेशन पुढच्या पकडीखाली गेले तर तांब्याचा स्पर्श नीट होत नाही, आणि ते मागच्या पकडीपर्यंत पोचलेच नाही तर गाडीच्या कंपनांचा सगळा भार उघड्या तारांवर पडून काही काळाने त्या तुटतात. स्ट्रँडची टोके पुढच्या पकडीबाहेर किंचित डोकावली पाहिजेत, म्हणजे तार पूर्ण आत गेल्याची खात्री पटते. ही कारणे एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, बहुधा नसतात, आणि कारण ठाऊक नसलेला माणूस घाईच्या वेळी नेमकी तीच गोष्ट सोडून देतो.

ही फोड टेबलावर बसून करू नये. मशीनपाशी उभे राहावे, उत्तम काम करणाऱ्या ऑपरेटरचे हात पाहावेत आणि "येथे आपण जरा थांबलात, ते कशासाठी?" असे विचारत जावे. त्याला स्वतःलाही सांगता येत नाहीत अशी मर्मे तेथे सापडतात.

मनुष्यबळ_विभागातून

फोरमनकाकांचा प्रतिसाद फार आवडला. आमच्याकडे प्रशिक्षकांना शिकवताना आम्ही तो प्रसिद्ध त्रिकोण वापरतो: माणसाला वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते. शिवाय प्रत्येक प्रशिक्षणार्थी पाहून शिकणारा आहे, ऐकून शिकणारा आहे की करून शिकणारा आहे, हे आधी एका प्रश्नावलीने ठरवून घ्यावे असे सुचवेन.

अध्ययनशास्त्र

वरील दोन्ही गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात, त्यामुळे त्यांविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या त्रिकोणाचा संबंध अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्याशी जोडला जातो. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, परंतु त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे पुढे इतरांनी चिकटवले आणि त्यांना आधार देणारे संशोधन नाही. शिकण्याच्या शैलींचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. पद्धत माणसाच्या कल्पित शैलीवरून ठरवू नये. ती शिकवायच्या विषयावरून ठरते. क्रिम्पिंग सर्वांनाच हाताने करून शिकावे लागेल आणि तारांच्या रंगांचे संकेत सर्वांनाच डोळ्यांनी पाहून. प्रश्नावलीवर जाणारा वेळ सरावाला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

ज्याला भक्कम आधार आहे अशा दोन गोष्टी मात्र आपल्या आखणीत अवश्य घ्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि पुढे मंदावते. अंतर ठेवून उजळणी केली तर ते बरेच रोखता येते. दुसरे असे की, पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून सांगण्याने ज्ञान अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले, तर आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. आपली वर्गाच्या अखेरीस होणारी परीक्षा नेमकी त्या पाच मिनिटांवर होत असल्यामुळे तीत सगळे उत्तीर्ण होतात आणि पुढचे काहीच कळत नाही.

यावर करण्यासारखा उपाय साधा आहे. शिफ्टच्या सुरुवातीची बैठक तुमच्याकडे होतच असेल. तेथे सूचना वाचून दाखवण्याऐवजी दोन-तीन क्रिम्प केलेले नमुने हातात द्यावेत आणि यांतला सदोष कोणता व का, हे विचारावे. नमुने ढळढळीत वाईट नसावेत. लिमिट सँपल (मर्यादेवरचे नमुने) असतात तसे, स्वीकारावे की नाकारावे असा विचार करायला लावणारे असावेत. आठवड्यापूर्वी शिकवलेला दोषही मध्येच पुन्हा यावा. उत्तर चुकले तर रागावू नये, कारण चुकलेल्या उत्तरानंतर लगेच मिळालेले स्पष्टीकरण चांगले लक्षात राहते.

परिचारिका_शिक्षिका

मी सोलापूरच्या एका रुग्णालयात परिचारिकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचे काम पाहते. क्षेत्र वेगळे असले तरी एक मुद्दा दोन्हीकडे लागू पडेल असे वाटते: आखणीच्या आधी, ही अडचण प्रशिक्षणाने सुटणारी आहे का, हे तपासावे.

हातांच्या स्वच्छतेचे उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी पाच प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. हँडरबने (हातांना चोळायच्या जंतुनाशक द्रवाने) २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने सगळी प्रक्रिया धरून ४० ते ६० सेकंद. हे कोणत्याही परिचारिकेला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. तरीही वॉर्डात पालन कमी दिसले की पुन्हा व्याख्यान ठरते, पुन्हा सह्या होतात. आम्ही वॉर्डात उभे राहून पाहू लागलो तेव्हा दिसले की हँडरबची बाटली खोलीच्या दाराशी आहे, दोन खाटांमध्ये चालत जाऊन परत येण्याएवढी सवड कामात नाही, आणि कित्येकदा बाटली रिकामीच आहे. बाटल्या खाटेच्या पायथ्याशी लावणे आणि त्या भरण्याचे काम कोणाचे हे ठरवणे, हा तेथे खरा उपाय होता. जी गोष्ट येते तीच पुन्हा शिकवली तर माणसाला ते अपमानास्पद वाटते आणि पुढे खरोखर नवे शिकवतानाही तो मनाने दूर राहतो.

म्हणून मी आता विभागप्रमुखांना एकच प्रश्न विचारते: या व्यक्तीने हे काम पूर्वी कधी बिनचूक केले आहे का? केले असेल, तर अडचण बहुधा साधनात, वेळेत, कामाच्या रचनेत किंवा वरिष्ठांच्या अपेक्षेत आहे. कधीच केले नसेल, तर शिकवण्याची गरज आहे. आपल्या रिजेक्शनचीही अशी विभागणी करून पाहावी.

गुणवत्ता_तपासनीस

ताईंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. क्रिम्पची, म्हणजे दाबलेल्या भागाची, उंची मर्यादेबाहेर जाण्याचे कारण अनेकदा ॲप्लिकेटरची (टर्मिनल दाबणाऱ्या मशीनमधील साच्याची) झीज किंवा चुकीची सेटिंग असते. तार खिडकीत नीट न बसणे हे मात्र बहुधा हाताचे काम. दोष प्रकारवार वेगळे केल्याशिवाय "नव्या मुलांमुळे रिजेक्शन" असे म्हणणे त्या मुलांवर अन्याय करणारे आहे.

आता तिसरा प्रश्न. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या ७.२ या कलमात केवळ प्रशिक्षण द्या असे म्हटलेले नाही. आवश्यक क्षमता ठरवा, ती मिळवण्यासाठी कृती करा आणि त्या कृतीची परिणामकारकता तपासा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात परिणामकारकतेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "प्रशिक्षण समाधानकारक" एवढेच लिहिलेले सापडते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या ज्या चार पातळ्या मांडल्या, त्यांतली ही जेमतेम पहिली, म्हणजे शिकणाऱ्याला कसे वाटले. पुढच्या तीन म्हणजे काय शिकले, कामावर वागणे बदलले का, आणि संस्थेला काय फळ मिळाले. माझा अनुभव असा की आखणी करताना या पातळ्या शेवटापासून धराव्यात. कोणता दोष कमी व्हायला हवा, त्यासाठी मशीनपाशी कोणती कृती वेगळी दिसायला हवी, ती करता येण्यासाठी काय यायला हवे, या क्रमाने गेले की अर्ध्याअधिक स्लाइड आपोआप गळतात.

उद्दिष्टही मोजता येईल असे लिहावे. "क्रिम्पिंगची माहिती होईल" हे उद्दिष्ट नव्हे. प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे की उद्दिष्टात कृती, ती करण्याची परिस्थिती आणि स्वीकारार्ह पातळी ही तिन्ही हवीत. उदाहरणार्थ: "दिलेल्या मशीनवर, लाइनच्या नेहमीच्या गतीने, कोणाचीही मदत न घेता सलग क्रिम्प करील; सर्व नमुने दृश्य तपासणीत व पुल टेस्टमध्ये (तार ओढून पाहण्याच्या चाचणीत) उत्तीर्ण होतील." स्किल मॅट्रिक्सवरचे वर्तुळ असे काही पाहिल्यावरच रंगवावे, आणि काही आठवड्यांनी तेच पुन्हा पाहावे.

लाइनवरचा_अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंनी सुचवल्याप्रमाणे गेल्या महिन्याचे रिजेक्शन दोषप्रकारानुसार वेगळे करून पाहिले. नव्या ऑपरेटरांच्या नावावर टाकलेल्या दोषांपैकी बराच भाग एकाच ॲप्लिकेटरचा निघाला आणि तो दुरुस्तीला पाठवला आहे. उरलेल्यांत तार पूर्ण आत न जाणे हा दोष सर्वांत मोठा आहे, म्हणून फोरमनकाकांच्या पद्धतीने त्या एकाच कामाची फोड करायला घेतली आहे.

परंतु येथे एक नवी अडचण आहे. आमच्या लाइन लीडरपैकी उत्तम काम करणारे अनेक आहेत, पण शिकवण्याचा त्यांना कंटाळा आहे. त्यांना दोष देता येत नाही, कारण शिकवताना आकडा कमी पडला तर जाब त्यांनाच विचारला जातो. प्रशिक्षक निवडावे कसे?

स्टुटगार्टहून

येथील पद्धतीची माहिती उपयोगी पडेल असे वाटते. जर्मनीत व्यावसायिक शिक्षण दुहेरी असते; प्रशिक्षणार्थी कारखान्यात काम शिकतो आणि व्यवसाय शाळेतही जातो. कारखान्यात जो प्रशिक्षक म्हणून जबाबदारी घेतो, त्याला स्वतःच्या कामातील पात्रतेखेरीज शिकवण्याची पात्रताही सिद्ध करावी लागते. त्यासाठी वेगळी परीक्षा आहे. तीत लेखी भागाबरोबर एक प्रात्यक्षिक भाग असतो. उमेदवाराला प्रशिक्षणाचा एक प्रसंग मांडून किंवा प्रत्यक्ष शिकवून दाखवावा लागतो आणि मग त्यावर परीक्षकांशी चर्चा होते. तयारी करणे, करून दाखवणे, करून घेणे आणि सराव, ही चार पायऱ्यांची पद्धत त्या तयारीत आजही शिकवली जाते. फोरमनकाकांनी लिहिलेल्या पायऱ्यांशी तिचे साम्य पाहून मला फार आनंद झाला.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम शिक्षक होतो असे येथे गृहीत धरत नाहीत. आपल्याकडे अशी परीक्षा नसली तरी अंतर्गत चाचणी सहज घेता येईल. इच्छुक लाइन लीडरने एका खरोखर नव्या माणसाला एक छोटे काम शिकवावे, इतरांनी पाहावे, आणि गुण शिकवणाऱ्याच्या बोलण्याला न देता शिकणाऱ्याच्या हातून निघालेल्या कामाला द्यावेत.

परिचारिका_शिक्षिका

यात एक भर. जो माणूस फार वर्षे ते काम करतो आहे त्याला नव्याची अडचण दिसेनाशी होते. आमच्याकडे शिरेत सुई लावायला शिकवताना अनेकदा दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या परिचारिका अधिक चांगले शिकवतात, कारण आपल्याला काय अवघड गेले होते हे त्यांना अजून आठवते. ज्येष्ठ परिचारिकेने फोड तपासावी आणि शिकवणे अशा मुलींकडे द्यावे, ही वाटणी आम्हाला लाभली आहे.

निवृत्त_फोरमन

आकड्याचा प्रश्न सुटल्याशिवाय बाकीचे काही चालणार नाही, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. ज्या शिफ्टला लाइन लीडर शिकवत असेल त्या शिफ्टचा त्याचा आकडा आधीच कमी करून, तसे उत्पादन व्यवस्थापकाच्या सहीने नियोजनात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन महिनाअखेरीस टिकत नाही. व्यवस्थापकाला पटवताना प्रशिक्षणाचे महत्त्व सांगत बसू नये. गुणवत्ता विभागाकडून रिवर्कला (सदोष माल पुन्हा दुरुस्त करायला) लागणारे तास आणि नाकारलेल्या टर्मिनलची किंमत घेऊन जावे व शिकवण्याला लागणारे तास त्याच्या शेजारी मांडावेत.

सुरुवात आपण निवडलेल्या त्या एकाच कामापासून आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या दोन लाइन लीडरपासून करा. फोडीचा कागद मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत, एका पानात बसेल असा लिहा. तो ऑपरेटरसमोर टांगू नका, कारण तो शिकवणाऱ्याने शिकवण्यापूर्वी स्वतःची उजळणी करण्यासाठी आहे. टर्मिनलचा प्रकार किंवा ॲप्लिकेटर बदलला की त्याच दिवशी तो कागद मशीनपाशी नेऊन पुन्हा तपासा आणि त्यावर तारीख घाला. पहिला मसुदा तयार झाला की येथे टाका, मी ओळीओळीने पाहीन.